ओटाची जात आणि मुळांवरील गाठी

“ओट पेरा, म्हणजे जमिनींतील गाठीचे कृमि उपाशी मरतात,” असें वाक्य अलीकडे भाजीपाला करणाऱ्या शेतकऱ्यांच्या बैठकींत वारंवार कानांवर येतें. वाक्य सोपें आहे व त्यांत सत्याचा अंशहि आहे. परंतु जो भाग त्यांत सांगावयाचा राहून गेला आहे, त्यापायीं आम्हांस स्वतःस टोमॅटोचें एक पीक गमवावें लागलें. तो राहिलेला भाग कोणता, व तो ध्यानांत घेऊन ओटाचा उपयोग कसा करावा, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे. आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेले गृहस्थ. कृषिशास्त्राची पदवी आमच्याजवळ नाहीं. परंतु जन्मभर जमाखर्च लिहिण्याची संवय हातास जडलेली आहे, आणि हा विषय मुळांत जमाखर्चाचाच आहे, असें आमच्या अनुभवास आलें.

आमचा अनुभव

विहिरीजवळची आमची २० गुंठे जमीन भाजीपाल्याची. तींत वांग्यामागून टोमॅटो व टोमॅटोमागून भेंडी असा क्रम कित्येक वर्षें चालला होता. पुढें वांग्यांचीं झाडें खुरटूं लागलीं. दुपारीं तीं माना टाकीत व सायंकाळीं पुन्हां सांवरत. खत दिलें, पाणी वाढविलें. उपयोग झाला नाहीं. शेवटीं एक झाड कुदळीनें खणून काढलें, तों मुळांवर आल्याच्या गड्ड्यासारख्या गाठी आढळल्या.

शेजाऱ्यांनीं व बियाणें विकणाऱ्यानें एकच सल्ला दिला कीं, तृणधान्यास हा रोग होत नाहीं, सबब ओट करा. जमीनहि सुधारेल व जनावरांस चाराहि होईल. त्याप्रमाणें घटस्थापनेच्या सुमारास आम्हीं ओट पेरला. बियाण्याच्या पिशवीवर ‘चाऱ्याचा ओट’ एवढेंच छापलेलें होतें. जातीचें नांव नव्हतें, व आम्हींहि तें विचारलें नाहीं. पीक उत्तम आलें. तीन कापण्या मिळाल्या. शेवटच्या कापणीनंतर दहा-वीस ठोंबें उपटून पाहिलीं. त्यांवर गाठ म्हणून दिसली नाहीं. जमीन शुद्ध झाली असें समजून फाल्गुनांत टोमॅटो लाविला. वैशाखांत निम्मीं झाडें बसलीं. मुळें पाहिलीं तों गाठी पूर्वीपेक्षां अधिक!

पिशवींत थोडें बियाणें उरलें होतें. पुढच्या हंगामांत तें त्याच शेतांतील मातीनें भरलेल्या कुंड्यांत पेरलें व दोन महिन्यांनीं तीं रोपें गांवांत आलेल्या एका जाणत्या कृषि-पदवीधरास दाखविलीं. त्यानें मुळें हलक्या हातानें धुतलीं, मिठाईंत घालतात त्या तांबड्या रंगाच्या पाण्यांत कांहीं वेळ बुडविलीं, व भिंग आमच्या हातीं दिलें. मुळांच्या कडेनें जागोजाग बारीक तांबडे ठिपके दिसत होते. ते अंड्यांचे पुंजके. “काका, तुम्ही गाठी शोधल्या, अंडीं शोधलीं नाहींत,” एवढेंच तो म्हणाला. आमची सारी चूक त्या एका वाक्यांत आली.

हा कृमि आहे तरी कोण

मुळांवर गाठी करणाऱ्या या सूत्रकृमीची पहिली नोंद १८५५ सालीं इंग्लंडांत झाली. बर्कले नांवाच्या शास्त्रज्ञानें कांचघरांतील काकडीच्या मुळांवर या गाठी पाहिल्या. आपल्या देशांत १९०१ सालीं बार्बर यांनीं दक्षिण हिंदुस्थानांतील चहाच्या मळ्यांतून त्याची नोंद केली. १९४९ पर्यंत हे सर्व कृमि एकाच जातीचे समजले जात. त्या वर्षीं अमेरिकेंतील चिटवुड यांनीं त्यांच्या निरनिराळ्या जाति वेगळ्या करून दाखविल्या. त्यांस इन्कॉग्निटा, जावानिका, ॲरेनेरिया, हॅप्ला अशीं नांवें आहेत. आपल्याकडील भाजीपाल्यांत इन्कॉग्निटा व जावानिका या दोन जाति विशेष आढळतात. हीं नांवें तोंडपाठ करण्याचें कारण नाहीं. परंतु कृमि एक नसून अनेक आहेत, एवढें मात्र विसरूं नये. त्याचें कारण पुढें येईल.

कृमीची अळी सुमारें अर्धा मिलिमीटर लांबीची, केंसाहून बारीक असते. ती डोळ्यांस दिसत नाहीं. ती मातींतील ओलाव्यांतून सरकत मुळाच्या टोंकाशीं येते व आंत शिरते. आंत गेल्यावर ती एके ठिकाणीं ठाण मांडते व आपल्या लाळेनें भोंवतालच्या कांहीं पेशी प्रचंड फुगविते. या फुगलेल्या पेशी म्हणजे तिच्या दुभत्या गायीच होत. झाडानें मिळविलेलें अन्न त्यांत येतें व ती तें शोषून घेते. मग ती फुगून नासपतीच्या आकाराची मादी होते व चिकट पदार्थाच्या एका पुंजक्यांत अंडीं घालते. एका पुंजक्यांत दोनशेंपासून पांचशेंपर्यंत, कधीं त्याहूनहि अधिक अंडीं असतात. या कृमीच्या मुख्य जातींत नराची गरजहि लागत नाहीं. जमीन २७-२८ अंश सेल्सिअस उबदार असली म्हणजे अंड्यापासून अंड्यापर्यंतचा हा फेरा सुमारें २५ ते ३० दिवसांत पुरा होतो. थंडींत तो लांबतो.

यांत दोन गोष्टी शेतकऱ्याच्या उपयोगाच्या आहेत. पहिली ही कीं, जिवंत मुळावांचून या कृमीस वाढतां येत नाहीं. अळीजवळ जन्मतःच जी शिदोरी असते, ती संपेपर्यंत मूळ सांपडलें नाहीं तर ती मरते. दुसरी गोष्ट ही कीं, गाठ हा रोग नसून रोगाची खूण आहे. वांगें, टोमॅटो, भेंडी यांच्या मुळांवर ती मोठी होते. ओट, गहूं, मका यांच्या मुळांवर ती फार बारीक असते व कित्येकदां मुळींच उठून दिसत नाहीं. तरीहि आंत मादी खुशाल बसलेली असूं शकते. जो शेतकरी गाठीवरून निवाडा करील, तो ओटाच्या बाबतींत फसेल. आम्ही तसेच फसलों.

प्रतिकार आणि सहनशक्ति

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. एखादी जात ‘कृमीला दाद देत नाहीं’ असें आपण म्हणतों, तेव्हां त्यांत दोन अगदीं निराळे अर्थ मिसळलेले असतात.

एक अर्थ असा कीं, कृमि मुळांत असूनहि पीक चांगलें येतें. ही सहनशक्ति होय. दुसरा अर्थ असा कीं, त्या पिकाच्या मुळांत कृमीची वाढच होत नाहीं. हा प्रतिकार होय. प्रतिकार करणाऱ्या मुळांतहि अळी पुष्कळदां शिरते; परंतु तिला हव्या तशा दुभत्या पेशी तयार होत नाहींत, किंवा झाल्या तरी लवकर मरतात. बाहेर पडण्याची शक्ति उरलेली नसते; ती तेथेंच संपते. सहनशक्ति पिकाच्या उत्पन्नावरून ओळखावयाची; प्रतिकार मात्र कृमीच्या संख्येवरून ओळखावयाचा. पहिलीचा संबंध या हंगामाशीं, दुसऱ्याचा पुढच्या हंगामाशीं.

हिशेबाच्या भाषेंत सांगावयाचें तर पेरणीच्या दिवशीं मातींत जितक्या अळ्या असतील ती आरंभीची शिल्लक, व पीक काढण्याच्या दिवशीं जितक्या असतील ती अखेरची शिल्लक. समजा, ठराविक मापाच्या मातींत आरंभीं १०० अळ्या होत्या. ओटानंतर २० राहिल्या, तर त्या ओटानें आपलें देणें पांचव्या हिश्श्यावर आणलें. पण ४०० झाल्या, तर त्यानें तें चौपट करून पुढच्या पिकाच्या खात्यावर चढविलें. दोन्ही वेळां चारा सारखाच हिरवागार असूं शकतो! किंबहुना सहनशक्ति असून प्रतिकार नसलेली जात ही सर्वांत फसवी. दुर्बळ जात कृमीनें खुरटते, तेव्हां निदान शेतकऱ्यास इशारा तरी मिळतो. सहनशील जात धष्टपुष्ट दिसते, तिचीं मुळें दाट व खोल जातात, आणि जितकें मूळ अधिक तितकी कृमीची वस्ती मोठी.

म्हणून ‘ओट कृमीस मारतो काय?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या जातीचा ओट, कोणत्या जातीच्या कृमीस, किती उबेच्या जमिनींत, हे तीन शब्द त्यांत घातल्याशिवाय त्याचें उत्तर देतां येत नाहीं.

क्यूशू बेटांतील उदाहरण

जातीचा प्रश्न नीट विचारला म्हणजे फळ कसें मिळतें, हें पाहण्यास जपानच्या दक्षिणेकडील क्यूशू बेटाकडे जावें. तेथें ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या जमिनीवर रताळ्याची मोठी लागवड आहे. रताळें खाण्यास लागतें व त्यापासून तेथील मद्यहि काढतात. जनावरेंहि पुष्कळ असल्यानें चाऱ्याची गरज आहे. या दोहोंची सांगड घालून तेथील शेतकरी उन्हाळ्याच्या अखेरीस, म्हणजे ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत ओट पेरतात व कडक थंडीच्या आंत त्याचा चारा कापून घेतात. पुढच्या वसंतांत त्या जमिनींत रताळ्याचे वेल लागतात.

या रीतींत एक धोका होता. रताळ्यावर इन्कॉग्निटा कृमीचा उपद्रव मोठा. आणि ओट पेरतेवेळीं जमीन अजून तापलेली, म्हणजे कृमि पूर्ण जागा. अशा वेळीं पेरलेला ओट कृमीस पोषक जातीचा असेल, तर रताळें येण्यापूर्वीं कृमीच्या एक-दोन पिढ्या ओटावरच पोसल्या जातील. क्यूशू-ओकिनावा येथील सरकारी कृषि-संशोधन केंद्रांतील शास्त्रज्ञांनीं ‘ताचिइबुकि’ नांवाची ओटाची जात या दृष्टीनें तपासली. ही जात उन्हाळ्याच्या अखेरीस पेरण्यास योग्य, सहसा न लोळणारी, व विशेष म्हणजे इन्कॉग्निटा कृमीची वाढ आपल्या मुळांवर न होऊं देणारी अशी ठरली. ती पेरल्यानें मातींतील कृमि घटतात व पुढच्या रताळ्याचें नुकसान कमी होतें, असें तेथील प्रयोगांत दिसून आलें. पीक तेंच, हंगाम तोच, चाराहि मिळालाच. केवळ जात पारखून घेतल्यानें ओट रताळ्याचा वैरी न होतां साह्यकारी झाला.

कृमीची जाति व जमिनीची ऊब

ताचिइबुकीचा हा गुण इन्कॉग्निटा कृमीपुरता सांगितलेला आहे. तो सर्व कृमींस लागू समजूं नये. हॅप्ला ही थंड प्रदेशांतील जाति घ्या. तिला ओट, गहूं, मका या तृणवर्गांत मुळींच वाढतां येत नाहीं. थंड मुलखांतील पुस्तकांत ‘तृणधान्य करा, गाठी जातील’ असा जो उपदेश असतो, तो पुष्कळ अंशीं या जातीच्या अनुभवावर उभा आहे. तो तेथें खरा आहे. इन्कॉग्निटा व जावानिका यांच्या जमिनींत तो जसाच्या तसा उचलणें चुकीचें. उलट भाताच्या मुळांवर गाठी करणारी ग्रॅमिनिकोला नांवाची जाति आहे. तिला ओट चांगला मानवतो. भुईमुगाचीहि गोष्ट अशीच आहे. इन्कॉग्निटास भुईमुगावर निर्वाह करतां येत नाहीं, पण ॲरेनेरियाचा एक वाण भुईमुगावरच चैन करतो.

यांखेरीज ओटाच्या नांवावरूनच ज्याचें शास्त्रीय नांव पडलें आहे असा एक निराळाच कृमि आहे. तो गाठी न करतां मुळांवर बारीक पांढऱ्या मण्यांसारखा चिकटतो. राजस्थान व हरियाणा या भागांत गहूं व जंव या पिकांवरील त्याच्या रोगास ‘मोल्या’ म्हणतात. १९५८ सालीं राजस्थानांतील सीकर जिल्ह्यांत तो प्रथम नोंदला गेला. एखादी जात ‘कृमि-प्रतिकारक’ आहे असें ऐकिलें, तर ती गाठीच्या कृमीस प्रतिकारक कीं या दुसऱ्या कृमीस, हें विचारून घ्यावें. दोन्ही गुण एका जातींत असतीलच असें नाहीं.

आतां उबेविषयीं. १९८१ सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत गव्हावर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांत असें दिसलें कीं, जमिनीची ऊब १८ अंश सेल्सिअसच्या खालीं गेली म्हणजे इन्कॉग्निटाच्या अळ्या मुळांत शिरेनाशा होतात. म्हणून गहूं लवकर न पेरतां जमीन थंड झाल्यावर पेरला, तर पोषक जातीचा गहूंहि कृमीची वाढ फारशी करीत नाहीं. ही युक्ति नामी आहे. परंतु ती अंगिकारण्यापूर्वीं आपल्या जमिनीची ऊब मोजली पाहिजे. आपल्याकडील घटस्थापनेची जमीन ही क्यूशूच्या सप्टेंबरासारखी उबदार असते, कॅलिफोर्नियाच्या हिंवाळ्यासारखी नव्हे. साधा मातीचा उष्णतामापक घेऊन तो चार बोटें खोल रोवावा व सकाळीं, दुपारीं, सायंकाळीं आठवडाभर पाहावें. तीनहि वेळांचा मेळ १८ च्या वर राहत असेल, तर थंडीच्या भरंवशावर राहूं नये. जातीच्या प्रतिकारावरच भिस्त ठेवावी.

प्रतिकारासहि उबेची मर्यादा असूं शकते. टोमॅटोच्या प्रतिकारक जातींत जो गुण रानटी टोमॅटोपासून आणलेला आहे, तो जमीन २८ अंशांच्या वर तापली म्हणजे ढिला पडतो, हें प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यांत ‘प्रतिकारक’ टोमॅटोवरहि गाठी दिसतात, त्याचें एक कारण हेंच.

कुंडींतील परीक्षा

महाराष्ट्रांत चाऱ्यासाठीं केंट, जे. एच. ओ. ८२२, राहुरीच्या कृषि विद्यापीठाच्या फुले हरिता व फुले सुरभि इत्यादि जाति पेरल्या जातात. त्यांची निवड आपण चाऱ्याच्या वजनावर करतों, व तें योग्यच आहे. परंतु ज्याच्या जमिनींत गाठी आहेत त्यानें, जी जात पेरावयाची तिची आपल्याच मातींत एकदां परीक्षा घ्यावी. यास प्रयोगशाळा लागत नाहीं. आम्हीं ठरविलेली पद्धति पुढीलप्रमाणें आहे :

(१) ज्या ठिकाणीं झाडें बसलीं त्या जागेंतील १५ ते २० सेंटिमीटर खोलीपर्यंतची ओलसर माती घ्यावी. सर्व माती सावलींत एकत्र करून चांगली कालवावी. ती उन्हांत वाळूं देऊं नये. वाळली तर अळ्या मरतील व परीक्षा फसेल.

(२) सहा इंची कुंड्या घेऊन त्यांत ती सारखी भरावी. ओटाच्या प्रत्येक जातीस चार कुंड्या, टोमॅटोस चार, व कांहींहि न लावतां नुसत्या ओल्या ठेवावयाच्या चार. प्रत्येक कुंडीवर नांव लिहावें. कुंड्या विटांवर ठेवाव्या. एकीचें पाणी दुसरींत जाऊं देऊं नये.

(३) पेरणी सप्टेंबरच्या अखेरीस, म्हणजे माती उबदार असतांनाच करावी. थंडींत घेतलेल्या परीक्षेंत प्रत्येक जात उत्तीर्ण होते. तिचा उपयोग नाहीं.

(४) साठ दिवसांनीं सर्व रोपें जमिनीलगत कापावीं. प्रत्येक कुंडींतील माती त्याच कुंडींत मोकळी करावी. मग सर्व कुंड्यांत, रिकाम्या ठेवलेल्यांतहि, टोमॅटोचें एकेक रोप लावावें व कुंड्या उन्हाच्या जागीं ठेवाव्या. रोपें शेतांतील वाफ्यांतलीं घेऊं नयेत. नारळाच्या भुशाच्या ट्रेंत वाढविलेलीं स्वच्छ घ्यावीं. ज्या टोमॅटोच्या पाकिटावर सूत्रकृमि-प्रतिकारक असें लिहिलें असेल, तो येथें चालणार नाहीं. आपणांस साक्षीदार हवा आहे तो बोलणारा हवा.

(५) पंचेचाळीस दिवसांनीं टोमॅटोचीं मुळें बादलींतील पाण्यांत हलक्या हातानें धुवावीं व गाठी मोजाव्या. शास्त्रज्ञ जी श्रेणी वापरतात तीच वापरावी : गाठ नाहीं, तर ०, एक-दोन गाठी, तर १, तीनपासून दहापर्यंत, २, अकरापासून तीसपर्यंत, ३, एकतीसपासून शंभरपर्यंत, ४, शंभराच्या वर, ५.

निकाल असा वाचावा. ज्या कुंड्यांत आधीं टोमॅटो होता त्यांची श्रेणी सर्वांत वर असली पाहिजे. ती तशी नसेल तर मातींत कृमीच थोडे होते, परीक्षा पुन्हां घ्यावी. रिकाम्या कुंड्यांची श्रेणी खालीं असेल. ओटाची जी जात रिकाम्या कुंडीइतकी किंवा तिच्याहूनहि खालीं उतरेल, ती आपल्या कृमीस प्रतिकार करणारी. जी टोमॅटोच्या जवळ जाईल, ती चाऱ्यास कितीहि चांगली असो, या शेतांत तिला जागा नाहीं. मधल्या श्रेणीच्या जातीविषयीं उतावळा निर्णय करूं नये. दुसऱ्या वर्षीं पुन्हां पाहावें. चार कुंड्यांपैकीं एखादी विपरीत निघते. म्हणूनच एकीवर न भागवितां चार घ्यावयाच्या.

या परीक्षेचा मोठा फायदा हा कीं, कृमीच्या जातीचें नांव ठाऊक नसलें तरी चालतें. ज्याच्याशीं आपली गांठ आहे त्याचीच परीक्षा होते. तथापि ज्यांस नांव व संख्या हवी असेल त्यांनीं एकरांतील पंधरा-वीस ठिकाणची माती एकत्र करून त्यांतील अर्धा किलो, बारीक मुळांसह, प्लास्टिकच्या पिशवींत बांधून सावलींतून कृषि विद्यापीठाच्या सूत्रकृमि विभागाकडे न्यावी. राहुरी येथें असा विभाग आहे.

शेतांत ओट कसा घ्यावा

जात पारखून झाल्यावरहि काळजी संपत नाहीं. बियाणें घेतांना पिशवीवर जातीचें नांव पाहून घ्यावें, पावतीवर तें लिहवून घ्यावें, व मूठभर बियाणें चिठ्ठी घालून ठेवून द्यावें. एकरीं सुमारें ४० किलो बियाणें २५ ते ३० सेंटिमीटर अंतरावरील ओळींत पेरावें.

पहिली कापणी होईपर्यंत तण राहूं देऊं नये. काटेमाठ, घोळ, कामोणी हीं तणें गाठीच्या कृमीचीं आवडतीं आश्रयस्थानें होत. ओट प्रतिकारक आणि त्याच्या ओळींत कामोणी मोकाट, अशी स्थिति असेल तर एका दारानें घालविलेला पाहुणा दुसऱ्या दारानें घरांत आलाच.

चाऱ्याची पहिली कापणी पन्नास-पंचावन्न दिवसांनीं व दुसरी त्यानंतर पांच-सहा आठवड्यांनीं मिळते. जातीची परीक्षा झालेली नसतांना चाऱ्याच्या ओढीनें ओट घ्यावाच लागला, तर जमीन थंड झाल्यावर पेरावा, एकच कापणी घ्यावी व मुळें ताबडतोब नांगरून वर आणावीं. तिसऱ्या कापणीचा लोभ आम्हीं केला. माघांतील ऊब जसजशी वाढत गेली, तसतसा तो लोभ कृमीच्या कामीं आला.

शेवटच्या कापणीनंतर शेत तसेंच पडूं देऊं नये. नांगरून ढेंकळें उन्हांत तापवावीं. आठ-दहा दिवसांच्या अंतरानें पुन्हां एक-दोन पाळ्या द्याव्या. उन्हानें व कोरडेपणानें वरच्या थरांतील अळ्या व अंडीं मरतात. हें काम ओटाच्या प्रतिकाराइतकेंच मोलाचें आहे, व त्यास खर्चहि थोडा.

ओटाकडून अवाजवी अपेक्षाहि करूं नये. उत्तम प्रतिकारक जातहि एका हंगामांत जमीन निष्कृमि करीत नाहीं. खोल थरांत व बांधाच्या तणांत कांहीं शिल्लक राहतेच, व त्यावर वांगें, टोमॅटो, भेंडी लागोपाठ घेतलीं तर दोन-तीन हंगामांत देणें पूर्ववत् होतें. ओटानंतरचें एक पीक भाजीचें झालें, तर पुढचें पीक कृमीस न मानवणारें घ्यावें. झेंडू हें त्यांतलें एक प्रसिद्ध पीक आहे. रोगट वाफ्यांतील रोपें, औतास चिकटलेली ओली माती, व वरच्या शेतांतून वाहून येणारें पाणी यांबरोबर कृमि येतो. तीं वाट बंद केल्यावांचून कोणतीहि जात पुरी पडणार नाहीं.

सारांश

गाठ दिसत नाहीं म्हणून ओट निर्दोष समजूं नये. पीक हिरवें आहे म्हणून तें प्रतिकारक समजूं नये. एका मुलखांत, एका कृमीवर, एका हंगामांत खरी ठरलेली गोष्ट आपल्या शेतांत पारखल्याशिवाय घेऊं नये. ‘ओट’ हें पिकाचें नांव झालें. कृमीशीं व्यवहार जातीचा असतो.

आपल्या संस्थेच्या सभासदांपैकीं ज्यांच्या शेतांत गाठी आहेत अशा निरनिराळ्या गांवच्या पांच-सहा जणांनीं जरी येत्या सप्टेंबरांत वर सांगितलेली परीक्षा घेतली, व जातीचें नांव, मातीचा प्रकार, पेरणीची तारीख, जमिनीची ऊब आणि गाठींची श्रेणी एवढे पांच रकाने भरून आणले, तर पुढच्या वार्षिक सभेपर्यंत आपल्या तालुक्यापुरती एक नोंदवही तयार होईल. लिहिण्याचें काम आम्ही आनंदानें करूं. ज्या टोमॅटोच्या पिकाचे पैसे आम्ही गमावले ते परत येणें नाहीं. परंतु त्या खर्चांत इतर कोणा बंधूचें पीक वांचलें, तर तो खर्च योग्य खातीं पडला असें आम्ही समजूं.